सीलमध्ये अडकलेला थेंब कॅमेऱ्याला दिसावा म्हणून

प्रश्न थोडक्यात असा आहे. काळ्या पॉलिप्रॉपिलीनच्या ट्रेमध्ये तयार अन्न भरून त्यावर छापील फिल्म उष्णतेने चिकटवली जाते. भरताना सॉसचे थेंब, तेल आणि कधी कधी अन्नाचे तंतू ट्रेच्या काठावर पडतात आणि फिल्म व काठ यांच्या जोडात, म्हणजे सीलमध्ये, अडकतात. लाइनवर एक साधा रंगीत कॅमेरा बसवला आहे, पण तो बरेच दोष सोडून देतो आणि चांगले ट्रे मात्र बाजूला काढतो. अशा वेळी डीप लर्निंगचे, म्हणजे उदाहरणांच्या चित्रांवरून शिकणारे, सॉफ्टवेअर घ्यावे की हायपरस्पेक्ट्रल, म्हणजे चित्राच्या प्रत्येक बिंदूवर प्रकाशाच्या शेकडो तरंगलांबी मोजणारा, कॅमेरा घ्यावा, असे विचारले आहे.

माझे उत्तर असे की या दोहोंपैकी कशालाही हात घालण्याआधी एक साधी परीक्षा करावी. दोष असलेले दहा-बारा ट्रे आणि तितकेच चांगले ट्रे घ्यावेत, सध्याच्या कॅमेऱ्याने त्यांची चित्रे काढावीत आणि ती मोठ्या पडद्यावर लावून लाइनवरच्या अनुभवी ऑपरेटरला दाखवावीत. डोळ्यांत तेल घालून पाहूनही त्याला दोष सापडत नसेल, तर तो चित्रात उतरलेलाच नाही असे बहुतेक वेळा निघते. आडात नाही ते पोहऱ्यात येणार कुठून? सॉफ्टवेअर चित्रातला फरक शोधते, तो निर्माण करत नाही. सीलच्या तपासणीतील बहुतांश अपयशे मी पाहिली ती प्रकाशाच्या निवडीतली होती, आणि ती झाकण्यासाठी नंतर सॉफ्टवेअरवर महिनोन्महिने खर्च झालेले होते.

त्याआधी कॅमेऱ्याकडून नेमके काय हवे आहे, हे स्पष्ट करून घेऊ. सील तयार होते ते तापमान, दाब आणि वेळ या तिन्हींच्या मेळाने. फिल्मचा आतला थर वितळून काठाच्या पृष्ठभागाला भिजवतो आणि थंड होताना त्याच्याशी एकजीव होतो. मध्ये पाणी असेल तर त्याची वाफ होऊन बुडबुडे राहतात, तेल असेल तर ते दोन पृष्ठभागांच्या मधोमध पसरून त्यांना एकमेकांना भेटूच देत नाही, आणि तंतू असेल तर त्याच्या दोन्ही अंगांनी बारीक बोगदा तयार होतो. यांपैकी काही सील त्या दिवशी गळत नाहीत. दाबामुळे घाण आजूबाजूला ढकलली जाते, वितळलेला थर तिला वेढून घेतो आणि गळतीची चाचणी निर्वेध पार पडते. मग वाहतुकीतल्या हादऱ्यांनी किंवा तापमानाच्या चढउतारांनी तीच जागा उकलते. म्हणून कॅमेरा सीलमधली घाण सांगतो, गळती सांगत नाही, हे गुणवत्ता विभागाने आणि उत्पादन विभागाने आधी एकत्र बसून मान्य करावे. गळतीसाठी व्हॅक्यूम डिके (निर्वात कक्षात दाब बदलतो का ते पाहणारी) किंवा बुडबुड्यांची (पाण्याखाली पॅकेजमधून हवा निघते का ते पाहणारी) चाचणी वेगळी ठेवावीच लागते, आणि त्यांच्याही मर्यादा आहेत. एएसटीएम या मानक संस्थेच्या एफ २०९६ या बुडबुड्यांच्या चाचणीची संवेदनशीलता २५० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) छिद्राच्या आसपास धरली जाते, तर माणसाने डोळ्यांनी सील तपासण्याच्या एएसटीएम एफ १८८६ या पद्धतीत ७५ मायक्रॉन रुंदीपर्यंतची वाट सापडू शकते, तीही पॅकेजची निदान एक बाजू पारदर्शक असेल तरच. छापील फिल्म आणि काळा ट्रे ही जोडी ती अट मुळातच मोडते.

दुसरी गोष्ट नकाराच्या नियमाची आहे, आणि माझ्या मते इथेच सर्वाधिक गफलत होते. बहुतेक ठिकाणी डागाचे क्षेत्रफळ मोजून ते ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त असेल तर ट्रे बाहेर काढला जातो. समजा सील ५ मिलिमीटर रुंद आहे. आतल्या कडेला लागून २ मिलिमीटर व्यासाचा सॉसचा ठिपका आहे. त्याच्या बाहेर ३ मिलिमीटर स्वच्छ, अखंड सील उरलेले आहे. शेजारच्या ट्रेवर केसाएवढा, ०.२ मिलिमीटर जाडीचा तंतू आतल्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत आडवा पडला आहे. क्षेत्रफळाने पाहिले तर ठिपका तंतूच्या तिपटीहून मोठा आहे, आणि तरीही धोक्याचा तंतूच आहे, कारण आतून बाहेर जाण्याची वाट त्यानेच उघडली आहे. क्षेत्रफळाचा नियम पहिला ट्रे फेकेल आणि दुसरा सोडेल. म्हणून सीलच्या संपूर्ण घेरावर प्रत्येक ठिकाणी सलग स्वच्छ रुंदी किती उरली आहे ते मोजावे, आणि सर्वांत अरुंद जागी ती ठरवलेल्या किमान रुंदीपेक्षा कमी असेल तरच ट्रे नाकारावा. ही किमान रुंदी अंदाजाने ठरवू नये. मुद्दाम दूषित केलेल्या ट्रेंवर गळतीची आणि सोलण्याच्या बलाची चाचणी करून ती काढावी. केवळ नियम असा बदलल्याने चांगले ट्रे फेकले जाण्याचे प्रमाण लक्षणीय घटल्याचे मी एकाहून अधिक लाइनवर पाहिले आहे, आणि त्यासाठी एकही नवा कॅमेरा लागला नव्हता.

आता प्रकाशाकडे येऊ. छापील फिल्मच्या बाबतीत अवरक्त प्रकाशाचे नाव निघते ते योग्यच आहे. छपाईतली बहुतेक रंगद्रव्ये दृश्य प्रकाश शोषतात, पण ९०० ते १७०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या अवरक्त पट्ट्यात ती बरीचशी पारदर्शक होतात, त्यामुळे चित्रातली छपाई जणू पुसली जाते. याला अपवाद दोन आहेत. धातूची झाक असलेली शाई आणि कार्बन ब्लॅक (काजळीसारखे काळे रंगद्रव्य) असलेली काळी शाई या पट्ट्यातही अपारदर्शकच राहतात, म्हणून शक्य असेल तर छपाईच्या आराखड्यातच सीलच्या पट्ट्यावरून या दोन शाया काढून टाकण्याची विनंती करावी. डिझाइन विभागाशी झालेल्या अशा एका बैठकीने जे साधते ते कित्येकदा महागड्या उपकरणानेही साधत नाही.

पाणी १४५० नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश जोराने शोषते. एक मिलिमीटर जाडीच्या पाण्याच्या थरातून त्या तरंगलांबीचा जेमतेम विसावा भाग पार होतो. उलट ९७० नॅनोमीटरला, जिथपर्यंत साध्या सिलिकॉन सेन्सरचे कॅमेरे कसेबसे पाहू शकतात, तोच थर पाच टक्क्यांच्या आसपासच प्रकाश शोषतो. सीलच्या जबड्याखाली थेंब चेपून ५० मायक्रॉनइतका पातळ झाला, तरी परावर्तित प्रकाश त्यातून दोनदा जात असल्याने १४५० नॅनोमीटरला सुमारे पाव भाग कमी होतो आणि फिकट काठावर तो डाग स्पष्ट उठून दिसतो. ९७० नॅनोमीटरला तो फरक चित्रातल्या गोंगाटात, म्हणजे उजळतेच्या निरर्थक चढउतारात, विरून जातो. म्हणून कुणी स्वस्त कॅमेऱ्याला अवरक्त फिल्टर लावून पाणी दाखवण्याचे आश्वासन देत असेल, तर हाच चेपलेला थेंब समोर ठेवून प्रात्यक्षिक मागावे. या कामासाठी १४५० नॅनोमीटरला पाहू शकणारे इंडियम गॅलियम आर्सेनाइडचे सेन्सर लागतात.

परंतु या प्रश्नातला ट्रे काळा आहे, आणि सगळी अडचण तिथे आहे. काळा रंग कार्बन ब्लॅकचा असेल तर काठ १४५० नॅनोमीटरला जवळजवळ काहीच प्रकाश परत पाठवत नाही. पाणी काळे दिसणार आणि काठही काळाच, म्हणजे काळ्यावर काळे. एका लाइनवर मला नेमके यासाठीच बोलावले होते. फिकट ट्रेवर प्रात्यक्षिक पाहून महागडा अवरक्त कॅमेरा घेतला गेला होता, प्रत्यक्ष उत्पादन काळ्या ट्रेमध्ये होते, आणि कॅमेऱ्याला दिसत होती ती फक्त दिव्याची पृष्ठभागावरची चकाकी. कॅमेरा उत्तम होता, विक्रेत्याने खोटेही सांगितले नव्हते. चाचणीच्या वेळी खरा ट्रे टेबलावर ठेवायला मात्र कुणालाच सुचले नव्हते. कार्बन ब्लॅकऐवजी अवरक्त प्रकाश परत पाठवणारी काळी रंगद्रव्ये वापरलेले ट्रे मिळतात. पुनर्वापरासाठी प्लॅस्टिक वेगळे करणारी यंत्रेही कार्बन ब्लॅक ओळखण्यात अशीच अडखळतात, म्हणूनच ती रंगद्रव्ये पुढे आली. तुमच्या पुरवठादाराकडे ती असतील तर ट्रे बदलण्याचा विचार कॅमेरा बदलण्याच्या आधी करावा, असे मी आग्रहाने सांगेन.

तेलाची गोष्ट याहून अवघड आहे. चांगले सील डोळ्यांना एकसंध दिसते, कारण फिल्म आणि काठ यांच्यामधली हवा नाहीशी झालेली असते. प्लॅस्टिकचा अपवर्तनांक (प्रकाश वळवण्याचे माप) सुमारे १.५ आणि हवेचा १ असल्याने जिथे हवेचा थर उरतो तिथे प्रत्येक सीमेवर सुमारे चार टक्के प्रकाश परत येतो आणि ती जागा चमकते. वाफेचे बुडबुडे, सुरकुत्या, न चिकटलेले भाग या चमकेमुळे सापडतात. खाद्यतेलाचा अपवर्तनांक मात्र १.४७ च्या आसपास आहे, म्हणजे पॉलिप्रॉपिलीनच्या अगदी जवळ. तेल भरलेली जागा त्यामुळे चांगल्या सीलसारखीच एकसंध दिसते. कॅमेराच काय, माणूसही फसतो. अवरक्त पट्ट्यात तेल शोधायला गेले तर तिथेही अडथळा आहे: तेलाची ओळख पटवणारे शोषण त्याच्या कार्बन-हायड्रोजन बंधांमुळे १२१० आणि १७३० नॅनोमीटरच्या आसपास येते, आणि पॉलिथिलीन किंवा पॉलिप्रॉपिलीन यांतही तेच बंध असल्याने फिल्मही तिथेच शोषते. हायपरस्पेक्ट्रल कॅमेरा शेकडो तरंगलांबींची माहिती देत असला, तरी पातळ तेलाचा थर त्याच जातीच्या प्लॅस्टिकखाली दडला असताना त्यातून खात्रीचा निकाल काढणे अवघडच राहते. तुमचा मुख्य दोष तेल असेल, तर केवळ या कारणासाठी हायपरस्पेक्ट्रल यंत्रणा घेऊ नये.

मग मार्ग काय? मी दोन ठिकाणी पाहण्याचा सल्ला देईन. पहिले ठिकाण फिल्म लावण्याच्या आधीचे. भरणीनंतर काठ उघडा असतो, आणि उघड्या काळ्या काठावरचा तेलाचा थेंब लपून राहू शकत नाही, कारण तो भिंगासारखा फुगीर असतो. काठाच्या पातळीपासून दहा-पंधरा अंशांच्या तिरप्या कोनातून प्रकाश टाकला आणि कॅमेरा सरळ वरून ठेवला, तर स्वच्छ गुळगुळीत काठ अंधारा राहतो आणि थेंबाच्या कडेवर एक उजळ चंद्रकोर उमटते. चारही बाजूंचे दिवे एकामागून एक लावून चार चित्रे घेतली तर ती कोर दिव्यागणिक जागा बदलते, तर काठावरचा ओरखडा ज्या दिव्यांना आडवा आहे त्यांच्यातच दिसतो. एवढ्या फरकावर थेंब आणि ओरखडा वेगळे करता येतात. यासाठी साधा एकरंगी कॅमेरा पुरतो. शिवाय इथे सापडलेला ट्रे पुसून परत लाइनवर घेता येतो; सील झाल्यावर अन्न, ट्रे आणि फिल्म तिन्ही वाया जातात.

तरीही पहिल्या ठिकाणावर विसंबून चालत नाही, कारण तपासणी आणि सीलिंग यांच्यामध्ये ट्रेला बसणाऱ्या झटक्याने सॉस उसळू शकतो. म्हणून दुसरे ठिकाण सीलच्या लगेच नंतरचे, उष्णतेचे चित्र काढणाऱ्या थर्मल कॅमेऱ्याचे. सीलचा पट्टा नुकताच तापलेला असतो. जिथे ओला पदार्थ अडकला आहे तिथे पाण्याची उष्णता धारण करण्याची क्षमता प्लॅस्टिकच्या सुमारे दुप्पट असल्याने ती जागा थंड डाग म्हणून दिसते, आणि जिथे चिकटण न झाल्याने उष्णता काठात उतरली नाही तिथली फिल्म वेगळ्या गतीने थंड होते. ट्रे काळा आहे की पांढरा, याने इथे काही बिघडत नाही. मात्र हा फरक काही क्षणांचाच असतो, म्हणून कॅमेरा सीलिंगच्या साच्याच्या शक्य तितका जवळ हवा. स्वस्त, थंड न केलेल्या थर्मल कॅमेऱ्याचा सेन्सर मंद असतो. त्याला बदल टिपायला सुमारे १० मिलिसेकंद लागतात. ट्रे सेकंदाला ३०० मिलिमीटर वेगाने जात असेल तर तेवढ्या वेळात तो ३ मिलिमीटर सरकतो आणि बारीक दोष पुसट होतो. तुमचे सीलिंग यंत्र थांबत-थांबत चालणारे असेल, तर ट्रे थांबलेला असतानाच चित्र घ्यावे. चकचकीत पोलादी भागांवरून तापलेल्या साच्याचे प्रतिबिंब कॅमेऱ्यात शिरते, ते अडवायला निस्तेज काळा आडोसा लावावा. ही बारीकशी गोष्ट विसरल्याने कित्येक दिवस खोट्या दोषांमागे धावावे लागते. शुद्ध तेलाच्या अगदी पातळ थराच्या बाबतीत थर्मल चित्रही क्षीण असते, हे मी लपवणार नाही. म्हणूनच तेलासाठी पहिले ठिकाण महत्त्वाचे.

रिझोल्यूशनचा, म्हणजे चित्राच्या बारकाईचा, हिशेब सोपा आहे. जो सर्वांत लहान दोष खात्रीने पकडायचा त्याच्या रुंदीवर निदान तीन पिक्सेल पडावेत. ०.५ मिलिमीटरचा थेंब पकडायचा तर एक पिक्सेल ०.१७ मिलिमीटरपेक्षा मोठा नको. २०४८ पिक्सेलच्या लाइन-स्कॅन (एका वेळी एकच ओळ टिपणाऱ्या) कॅमेऱ्याने ३०० मिलिमीटर रुंदी पाहिली तर पिक्सेल सुमारे ०.१५ मिलिमीटरचा पडतो, म्हणजे चालेल. चालत्या पट्ट्यावर सेकंदाला ५०० मिलिमीटर वेग आणि २०० मायक्रोसेकंद एक्सपोजर (प्रकाश टिपण्याचा वेळ) असेल तर चित्र ०.१ मिलिमीटर फासले जाते. त्याहून अधिक होऊ देऊ नये. तंतू पकडायचे असतील तर हे सर्व आकडे आणखी कडक करावे लागतील.

आता डीप लर्निंग. चित्रात फरक दिसत असेल आणि तो शब्दांत मांडता येत नसेल, तिथे त्याचा खरोखर उपयोग होतो. सुरकुती आणि अडकलेला पदार्थ वेगळे करण्यासाठी मी ते आनंदाने वापरतो. पण प्रशिक्षणासाठीचे दोष कसे मिळवता यावर सारे अवलंबून आहे. प्रयोगशाळेत पिचकारीने नेटका थेंब टाकून बनवलेले दोष लाइनवरच्या ओघळलेल्या, चेपलेल्या, अर्धवट वाळलेल्या दोषांसारखे दिसत नाहीत, आणि अशा दोषांवर शिकलेले मॉडेल चाचणीत चमकते आणि लाइनवर मान टाकते. दुसरी चूक चित्रांची वाटणी करताना होते. एकाच दिवसाची, एकाच फिल्मच्या रोलची चित्रे प्रशिक्षणात आणि चाचणीत दोन्हीकडे गेली तर निकाल फुगतो. वाटणी दिवसांनी आणि रोलनी करावी. फक्त चांगल्या ट्रेंवरून शिकून वेगळे ते दाखवणाऱ्या पद्धती दोषांची चित्रे कमी असताना आकर्षक वाटतात, पण छापील फिल्मची छपाई एक-दोन मिलिमीटर सरकली तरी त्यांना ती वेगळीच वाटते. म्हणून आधी प्रकाशाने छपाई पुसावी, मग या पद्धती लावाव्यात.

यंत्रणा स्वीकारण्याआधीची चाचणी आकड्यांनी करावी. दोष सुटण्याचे प्रमाण एक टक्क्याहून कमी आहे असे ९५ टक्के खात्रीने म्हणायचे असेल, तर सुमारे ३०० दूषित ट्रे एकही न सुटता पकडले गेले पाहिजेत. वीस ट्रे दाखवून केलेले प्रात्यक्षिक काहीच सिद्ध करत नाही. आणि दुसऱ्या बाजूने, मिनिटाला १०० ट्रे असतील तर आठ तासांच्या शिफ्टमध्ये ४८,००० ट्रे होतात. चांगल्यांपैकी एक टक्का चुकून नाकारले तर ४८० ट्रे वाया. इतके झाल्यावर ऑपरेटर संवेदनशीलता कमी करतो किंवा नाकारलेले ट्रे हाताने परत ठेवतो, आणि त्याला दोष देता येत नाही. म्हणून हा दुसरा आकडा मी पहिल्याइतकाच गांभीर्याने घेतो, आणि संवेदनशीलता बदलण्याचा अधिकार पासवर्डखाली ठेवून प्रत्येक बदलाची नोंद घ्यायला लावतो.

रोजच्या वापरातल्या अडचणी साध्या असतात. थंड खोलीतल्या कॅमेऱ्याच्या काचेवर गरम पाण्याच्या धुलाईनंतर दव जमते, आणि पहिल्या अर्ध्या तासात एकतर सगळेच ट्रे नाकारले जातात किंवा सगळेच सुटतात. यासाठी कोरड्या हवेचा झोत काचेवर सतत सोडावा आणि कॅमेऱ्याचे खोके आयपी ६९के दर्जाचे, म्हणजे जोरदार गरम पाण्याच्या धुलाईतही आत पाणी न शिरणारे, घ्यावे. दिवे हळूहळू मंदावतात, म्हणून दृश्यात एका कोपऱ्यात कायमची संदर्भपट्टी ठेवून तिची उजळता प्रत्येक चित्रात तपासावी. नाकारलेला ट्रे खरोखर बाहेर पडला याची खात्री करणारा सेन्सर बाहेर काढण्याच्या जागी हवा, आणि तो ट्रे न दिसल्यास लाइन थांबली पाहिजे. शिफ्टच्या सुरुवातीला, दर तासाला आणि फिल्मचा रोल बदलल्यावर खुणा केलेले दूषित ट्रे लाइनवरून सोडून यंत्रणा ते पकडते का हे पाहावे.

आणि नाकारलेल्या प्रत्येक ट्रेचे चित्र साच्यातल्या त्याच्या जागेच्या क्रमांकासह जपावे. एका लाइनवर आठवड्याभराची अशी चित्रे एकावर एक ठेवली, तेव्हा बहुतेक डाग तिसऱ्या जागेच्या उजव्या मागच्या कोपऱ्यात गोळा झालेले दिसले. भरणीच्या तिसऱ्या नोझलची झडप बंद होताना एक थेंब उशिरा सोडत होती. झडपेचे झिजलेले रबर बदलले, आणि त्या जागेवरचे नकार पुढच्या शिफ्टपासून जवळजवळ थांबले.